उद्या गाड्या बंद राहतील

९ सप्टेंबर २०१९, सोमवार. टोकियोच्या पूर्वेला चिबा प्रांतात त्सुदानुमा नावाचे स्टेशन आहे. त्या सकाळी स्टेशनाच्या दारातून निघालेली माणसांची रांग रस्त्याने वळत वळत सुमारे दोन किलोमीटर लांब गेली होती. पांढरे शर्ट, खांद्याला बॅगा, हातात फोन. सगळी माणसे कामावर निघालेली. आकाश निळेशार होते आणि ऊन असे तापले होते की रांगेत उभे राहणेही अवघड व्हावे.

काही तासांपूर्वी, पहाटे पाचच्या सुमारास, याच भागावरून 'फासाय' चक्रीवादळ गेले होते. चिबा शहरात वाऱ्याचा सर्वांत मोठा झोत सेकंदाला ५७.५ मीटर, म्हणजे ताशी २०७ किलोमीटर नोंदला गेला. सव्वानऊ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. वीजवाहिनीचे दोन मोठे मनोरे आडवे झाले. इचिहारा शहरात गोल्फच्या सराव मैदानाचे जाळीचे लोखंडी खांब शेजारच्या घरांवर कोसळले. हे सगळे घडले तेव्हा बहुतेक लोक घरात होते. कामावर जाणाऱ्यांचे हाल सुरू झाले ते वादळ निघून गेल्यावर.

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाला वादळी हवेत कामावर जाण्याचा प्रश्न पडतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोसळता पाऊस आणि उलटी झालेली छत्री येते. जपानचा अनुभव सांगतो की खरा निर्णय आदल्या दिवशी, कोरड्या हवेत घ्यायचा असतो. जपानी रेल्वे आणि प्रशासन अनेक वर्षांच्या ठेचा खाऊन हे शिकले. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांनीही ते शिकून घ्यावे म्हणून हा लेख.

नदीपलीकडची वसाहत

टोकियोतील भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई स्टेशनाच्या आसपास आहे. इसवी सन २००० च्या आगेमागे संगणक क्षेत्रातले भारतीय अभियंते मोठ्या संख्येने जपानला जाऊ लागले. त्यांची कामाची ठिकाणे ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या बँका आणि वित्तसंस्थांच्या भागात होती. तिथून तोझाई या मेट्रो मार्गाने निशी-कासाई पंधरा-वीस मिनिटांवर येते. शिवाय तिथे यूआर या सार्वजनिक गृहसंस्थेच्या मोठ्या वसाहती आहेत. परदेशी माणसाला घर भाड्याने घेताना अडणारी जामीनदाराची अट यूआरच्या घरांना नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले आणि वस्ती वाढत गेली. मसाल्यांची दुकाने आली, भारतीय शाळा आल्या. एप्रिल २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडूनही आले.

या वस्तीचा दिवस तोझाई लाईनवर सुरू होतो. कोविडच्या आधी ही लाईन साऱ्या जपानमधल्या सर्वाधिक गर्दीच्या मार्गांपैकी एक होती. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या गर्दीच्या तासात डबे क्षमतेच्या जवळपास दुप्पट भरत. लोकलने डोंबिवलीहून दादरला गेलेल्याला या गर्दीचे नवल नाही. नकाशावर ही मेट्रो भुयारी दिसते, पण मिनामी-सुनामाचीच्या पुढे ती जमिनीवर येते आणि आराकावा व नाकागावा या नद्या सव्वा किलोमीटरच्या उघड्या पुलावरून ओलांडते. निशी-कासाईचा फलाटही उंचावर आहे. म्हणजे टोकियोत नोकरी करणाऱ्या हजारो भारतीयांची रोजची वाट एका उघड्या, वारा झेलणाऱ्या पुलावरून जाते.

२८ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री याच पुलावर वावटळीच्या झोताने धावती गाडी रुळांवरून घसरली. मागचे दोन डबे उलटले आणि वीसहून अधिक प्रवासी जखमी झाले. निशी-कासाई स्टेशन त्यानंतर दीडेक वर्षाने सुरू झाले. आज फलाटावर उभ्या असलेल्या बहुतेकांना ही घटना ठाऊक नसते. रेल्वे चालवणाऱ्यांना मात्र ती विसरता येत नाही.

सेकंदाला किती मीटर?

जपानमध्ये वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा सांगतात. आपल्याला ताशी किलोमीटरची सवय असल्यामुळे 'उद्या वीस मीटर वारा' ऐकून काही वाटत नाही. या आकड्याला ३.६ ने गुणले की ताशी वेग मिळतो. वीस मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर.

जपानच्या हवामान संस्थेने वाऱ्याच्या वेगाची माणसाच्या अनुभवाशी सांगड घातली आहे. सेकंदाला १० ते १५ मीटर वाऱ्यात छत्री उघडी धरता येत नाही. १५ ते २० मध्ये वाऱ्याच्या दिशेला तोंड करून चालता येत नाही, काही माणसे पडतात. वीसच्या पुढे कशाला तरी धरल्याशिवाय उभे राहता येत नाही आणि उडून आलेल्या वस्तूंनी जखमी होण्याची भीती असते. तीसच्या पुढे धावते ट्रक उलटू शकतात. चाळीसच्या पुढे घरेही पडू शकतात.

या पायऱ्या इतक्या झटपट का चढत जातात? वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. शिवाय अंदाजात सांगितलेला आकडा दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. प्रत्यक्षातला झोत त्याच्या दीडपट, कधी त्याहूनही मोठा असतो. दारातून डोकावून 'एवढा काही वारा नाही' असे वाटणे आणि कोपऱ्यावर दोन इमारतींच्या मधून आलेल्या झोताने आडवे पडणे, यांत पाच मिनिटांचे अंतर असू शकते.

दुसरी ध्यानात ठेवायची गोष्ट वादळाच्या मार्गाची. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे ते ज्या दिशेने सरकते तिच्या उजव्या बाजूला वादळाचे स्वतःचे वारे आणि त्याची पुढे जाण्याची गती यांची बेरीज होते. डाव्या बाजूला वजाबाकी होते. म्हणून जपानी लोक वादळ आपल्या पूर्वेकडून जाणार की पश्चिमेकडून, हे बारकाईने पाहतात. फासाय टोकियोच्या उपसागरावरून ईशान्येकडे सरकले तेव्हा चिबाचा मोठा भाग त्याच्या उजव्या हाताला होता. टोकियोच्या मध्यवस्तीपेक्षा चिबाने जास्त मार खाल्ला, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

वायव्य प्रशांत महासागरात वर्षाला सरासरी २५ ताइफू तयार होतात. वाऱ्याचा कमाल वेग सेकंदाला १७.२ मीटरच्या वर गेला की वादळाला जपानीत ताइफू म्हणतात. त्यांतील बारा-एक जपानच्या जवळून जातात आणि सुमारे तीन प्रत्यक्ष भूमीवर येतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यांचा मुख्य हंगाम. जपानी बातम्यांत त्यांची नावे क्वचितच ऐकू येतात. त्या वर्षातला अनुक्रमांकच सांगितला जातो. फासाय हे २०१९ चे १५ क्रमांकाचे वादळ होते. नव्याने गेलेल्या माणसाने हा क्रमांक लक्षात ठेवावा, कारण सहकारी बोलताना तोच वापरतात.

गाडी कोण थांबवणार?

जपानी रेल्वे मिनिटाच्या नेमकेपणासाठी जगात नावाजलेली आहे. अशा रेल्वेला स्वतःहून थांबायला शिकणे सोपे नव्हते.

२८ डिसेंबर १९८६ रोजी ह्योगो प्रांतात, जपान समुद्राच्या किनाऱ्यावर, आमारुबे नावाच्या ४१ मीटर उंच लोखंडी पुलावरून एक रिकामी गाडी वाऱ्याने खाली फेकली गेली. पुलाखाली मासळीवर प्रक्रिया करणारा कारखाना होता. कारखान्यातील पाच कामगार स्त्रिया आणि गाडीचा गार्ड असे सहा जण मेले. नियंत्रण कक्षात वाऱ्याची धोक्याची सूचना वाजली होती, पण गाडी वेळेत थांबवली गेली नाही. त्यानंतर त्या पुलावर गाडी थांबवण्याची वाऱ्याची मर्यादा सेकंदाला २५ मीटरवरून २० मीटरवर आणली गेली.

२५ डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी यामागाता प्रांतात 'इनाहो' ही जलद गाडी नदीचा पूल ओलांडताच अचानक आलेल्या झोतात सापडून घसरली आणि पाच प्रवाशांचा जीव गेला. यानंतर पूर्व जपानच्या रेल्वेने वाऱ्याचे नियम आणखी कडक केले. वारा सेकंदाला २० मीटरवर गेला की वेग कमी करायचा आणि २५ मीटरवर गेला की गाडी उभी करायची. मार्गावरचे वारामापक हे आकडे नियंत्रण कक्षाकडे पाठवत राहतात.

म्हणून जपानमध्ये 'वाऱ्यामुळे गाडी थांबली' ही घोषणा ऐकून चिडण्याचे कारण नाही. त्या एका वाक्यामागे पुलांपाशी झालेले तीन अपघात आहेत.

या नियमांतूनही एक प्रश्न उरत होता. वारा वाढला की गाडी थांबवायची, पण ती दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली तर? हजारो माणसे बंद डब्यांत तासन्‌तास अडकतात, संध्याकाळी घरी जाणारे लोक फलाटांवर साचतात. यावर पश्चिम जपानच्या रेल्वेने १३ ऑक्टोबर २०१४ रोजी एक धाडसी उपाय केला. वादळ येण्याआधीच तिने जाहीर केले की दुपारी चारपासून ओसाका-क्योतो-कोबे भागातल्या सगळ्या गाड्या बंद होतील. वादळाचा तडाखा अपेक्षेपेक्षा कमी बसला आणि रेल्वेने घाई केली अशी टीका झाली. पण कल्पना रुजली. जपानीत तिला 'केइकाकु उन्क्यू' म्हणतात, म्हणजे ठरवून केलेला बंद.

चार वर्षांनी तिची उपयुक्तता पटली. ४ सप्टेंबर २०१८ रोजी 'जेबी' वादळाने ओसाकाला झोडपले. समुद्रात भराव टाकून बांधलेल्या कान्साई विमानतळावर पाणी शिरले. वाऱ्याने वाहवत आलेले तेलवाहू जहाज विमानतळाच्या पुलावर आदळले आणि हजारो माणसे बेटावर अडकली. शहरातल्या गाड्या मात्र आधीच बंद केलेल्या असल्याने लाखो लोक घरीच होते. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पूर्व जपानच्या रेल्वेने टोकियोच्या सगळ्या मार्गांवर पहिल्यांदाच ठरवून बंद पाळला, रात्री आठपासून.

आठचे दहा का वाजले?

आता पुन्हा त्सुदानुमाच्या रांगेकडे येऊ. फासायच्या वेळीही ठरवून बंद होता. रविवारी रात्री गाड्या लवकर थांबल्या आणि सोमवारी सकाळी आठच्या सुमारास सुरू होतील असे जाहीर झाले. 'आठ' हा आकडा लोकांच्या मनात पक्का बसला. कंपन्यांनी 'नऊऐवजी साडेनऊला या' असे निरोप पाठवले आणि माणसे आठच्या आधीच स्टेशनात येऊन उभी राहिली.

वादळानंतर गाडी सुरू करणे म्हणजे कळ दाबण्याइतके सोपे नसते. रुळांवर झाडे पडलेली असतात. शेतातल्या हरितगृहांचे प्लॅस्टिक उडून ओव्हरहेड वायरमध्ये अडकलेले असते. सिग्नलची वीज गेलेली असते, बांधांची माती खचलेली असते. कर्मचाऱ्यांना बराचसा मार्ग चालत किंवा हळू गाडीने डोळ्यांनी तपासावा लागतो, आणि ही तपासणी वारा शमल्यानंतरच सुरू होते. त्या सकाळी इतक्या ठिकाणी झाडे पडली होती की आठचे दहा झाले, काही मार्गांवर त्याहूनही उशीर झाला. पहिल्या गाड्या आल्या त्या मोजक्या, आणि त्यांच्यासाठी साचलेली माणसे अनेक गाड्यांना पुरतील एवढी. नारिता विमानतळावर तर विमाने उतरत होती आणि शहराकडे जायला वाहन नव्हते. तेरा हजारांवर माणसांनी ती रात्र विमानतळावर काढली.

वादळ गेल्यानंतरच्या स्वच्छ आकाशाला जपानीत 'ताइफू इक्का' असा सुंदर शब्दप्रयोग आहे. हे आकाश फसवे असते. वादळ मावळले की ऊन पडते आणि 'आता काय अडचण' असे वाटू लागते. पण त्या वेळी रुळांवर माणसे करवतीने फांद्या कापत असतात. वादळानंतरच्या सकाळी सर्वांत आधी स्टेशनात पोचणारा कामावर सर्वांत आधी पोचतोच असे नाही.

केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१९ मध्येच या बंदसाठी वेळापत्रकाचा नमुना ठरवला होता. ४८ तास आधी 'बंद होऊ शकतो' अशी सूचना द्यायची, २४ तास आधी मार्ग आणि वेळा सांगायच्या, आणि हे सारे परदेशी भाषांतही कळवायचे. फासायच्या अनुभवातून आणखी एक शहाणपण आले. गाड्या सुरू होण्याची वेळ घाईने सांगायची नाही आणि सांगितलीच तर तपासणीनंतर ती बदलू शकते हे स्पष्ट करायचे.

महिनाभरानेच कसोटी लागली. १२ ऑक्टोबर २०१९, शनिवारी 'हागिबिस' हे अवाढव्य वादळ इझु द्वीपकल्पावर धडकले. हाकोने या डोंगरी गावात एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला, जपानच्या इतिहासातला एका दिवसाचा सर्वाधिक. नागानोमध्ये चिकुमा नदीचा बांध फुटला आणि शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या दहा गाड्या आगारातच बुडाल्या. शंभराहून अधिक माणसे दगावली. टोकियोत मात्र आदल्या दिवशीच घोषणा झाली होती, दुपारपर्यंत जवळपास सगळ्या गाड्या थांबल्या होत्या, दुकाने आणि मॉल बंद होते. तीन कोटींहून जास्त वस्तीचा हा महानगर परिसर त्या संध्याकाळी घरात बसून होता.

आता तर ही रीत अंगवळणी पडली आहे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी, ओबोन या मोठ्या सुट्टीच्या ऐन गर्दीत, टोकियो ते नागोया शिन्कान्सेन वादळामुळे दिवसभर बंद ठेवली गेली.

समुद्रसपाटीखालचा पत्ता

वारा हे निम्मे संकट. उरलेले निम्मे पाणी. एदोगावा वॉर्डाच्या जमिनीचा सुमारे सत्तर टक्के भाग भरतीच्या वेळच्या समुद्रपातळीच्या खाली आहे. कारखान्यांसाठी आणि नैसर्गिक वायूसाठी अनेक दशके जमिनीतून पाणी उपसले गेले आणि टोकियोचा पूर्व भाग खचत गेला. काही जागी तर जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली. पुढे उपशावर बंदी आली, खचणे थांबले, पण खचलेली जमीन वर आली नाही.

निशी-कासाईला जाताना गाडी जिच्यावरून जाते ती रुंद आराकावा नदी या भागात माणसाने खणलेली आहे. १९१० च्या महापुरानंतर टोकियो वाचवण्यासाठी २२ किलोमीटर लांब आणि सुमारे ५०० मीटर रुंद नवा प्रवाह खणला गेला. हे काम १९३० मध्ये पुरे झाले. त्यावर काम करणारे अभियंते आकिरा आओयामा याआधी पनामा कालव्याच्या कामावर होते. हागिबिसच्या रात्री या नदीचे पाणी खूप चढले. जुन्या नदीच्या तोंडावरचा इवाबुचीचा दरवाजा बंद करून शहराकडे जाणारे पाणी अडवावे लागले. टोकियोच्या उत्तरेला कासुकाबे येथे जमिनीखाली ५० मीटरवर ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. लहान नद्यांचे पुराचे पाणी तो पोटात घेतो आणि मोठ्या नदीत सोडतो. त्या वादळात त्याने सुमारे १ कोटी २० लाख घनमीटर पाणी उपसले.

एवढे असूनही एदोगावाचे प्रशासन नागरिकांना खोटा दिलासा देत नाही. मे २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघरी पूरनकाशा वाटला. 'इथे थांबू नका' असे त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितलेले होते. मोठा पूर आला तर पूर्व टोकियोच्या पाच वॉर्डांतील सुमारे २५ लाख लोक बाधित होतील आणि पाणी ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतील, म्हणून वेळ असतानाच वॉर्डाबाहेर नातेवाइकांकडे किंवा उंच भागात जा, असा त्याचा अर्थ. पाच महिन्यांनी हागिबिसच्या वेळी वॉर्डाच्या पश्चिम भागातल्या ४ लाख ३० हजार लोकांना घर सोडण्याची सूचना मिळाली आणि सुमारे ३५ हजार लोक निवाऱ्यांत गेले.

निशी-कासाईत राहणाऱ्याने म्हणून दोन प्रश्नांची उत्तरे आधीच तयार ठेवावीत. माझी इमारत आणि मजला पूरनकाशावर कुठे येतो? आणि मी कामावर असताना पाणी वाढले तर घरी यायचे की नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. घराकडे धावणे म्हणजे उघडा पूल ओलांडून सखल भागात उतरणे. ऑफिसची उंच इमारत अशा वेळी अधिक सुरक्षित असते.

हे टोकियोच्या महानगरपालिकेनेही ओळखले आहे. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या दिवशी टोकियो आणि आसपासच्या प्रांतांत पन्नास लाखांहून अधिक लोक घरी परतू शकले नव्हते. त्यानंतर एप्रिल २०१३ पासून लागू झालेल्या नियमानुसार आपत्तीच्या वेळी कर्मचाऱ्यांना ऑफिसातच थांबवून घ्यावे आणि त्यांच्यासाठी तीन दिवसांचे पाणी व अन्न साठवून ठेवावे, अशी अपेक्षा कंपन्यांकडून केली जाते. आपल्या ऑफिसात हा साठा कुठे आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे.

पाटीवरचे शब्द

वादळाच्या दिवशी स्टेशनातल्या पाटीवर चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. 'चिएन' म्हणजे गाडी उशिरा आहे. धीर धरता येईल. 'उन्तेन मिआवासे' म्हणजे गाड्या तूर्त थांबवल्या आहेत. फलाटावर ताटकळू नका, बसायला जागा शोधा. 'उन्क्यू' म्हणजे गाडी रद्द; घरी राहा किंवा परत फिरा. 'साइकाइ' म्हणजे पुन्हा सुरू होणे. त्याच्यापुढे लिहिलेली वेळ अंदाजाची आहे हे गृहीत धरा. 'फुरिकाए युसो' म्हणजे बंद मार्गाचे प्रवासी दुसऱ्या कंपनीच्या गाडीतून जादा पैसे न देता जाऊ शकतात. ही सोय 'तेइकी' म्हणजे पास असलेल्यांना मिळते. कार्डात पैसे भरून प्रवास करणाऱ्यांना ती मिळत नाही, हे अनेकांना फाटकापाशी पोचल्यावर कळते.

उशीर झालाच तर रेल्वेकडून 'चिएन शोमेइशो' हा उशिराचा दाखला मिळतो, स्टेशनात कागदावर किंवा संकेतस्थळावर. बहुतेक कंपन्या तो मान्य करतात. जपानी सहकारी तो संकोच न करता पुढे करतात, आपणही करावा.

सरकारी इशाऱ्यांच्या पाच पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीला वृद्ध, आजारी आणि लहान मुले असलेल्यांनी निघायचे. चौथ्या पातळीला धोक्याच्या जागेतील प्रत्येकाने सुरक्षित जागी पोचलेले असायचे. पाचवी पातळी म्हणजे संकट आलेच आहे. तिची वाट पाहायची नसते. घरात लहान मूल किंवा भारतातून आलेले आईवडील असतील तर तुमच्यासाठी तिसरी पातळीच शेवटची माना.

हजेरी आणि हक्क

परदेशी कर्मचाऱ्याच्या मनात वादळापेक्षा मोठी भीती वेगळी असते. प्रकल्पाची मुदत, साहेबाचे मत, व्हिसाचे नूतनीकरण. 'आपण बाहेरचे, आपण गैरहजर राहिलेले बरे दिसणार नाही' या भावनेने माणूस घराबाहेर पडतो. त्याने कायदा थोडा समजून घेतला तर ही भीती कमी होईल.

जपानच्या श्रमकरार कायद्याने कर्मचाऱ्याच्या जिवाची आणि आरोग्याची काळजी घेणे ही कंपनीची जबाबदारी ठरवली आहे. घरून कामावर जाता-येता नेहमीच्या, योग्य मार्गावर अपघात झाला तर कामगार अपघात विम्याचे संरक्षण मिळते, आणि त्यात जपानी-परदेशी असा भेद नाही. कामाशी संबंध नसलेल्या कारणासाठी वाट सोडून दुसरीकडे गेल्यास मात्र हे संरक्षण खंडित होऊ शकते. गाड्याच बंद पडल्याने काम अशक्य झाले तर त्या दिवसाचे वेतन देण्याची सक्ती कंपनीवर सहसा नसते. काम शक्य असताना कंपनीने स्वतःच्या निर्णयाने घरी बसवले तर सरासरी वेतनाच्या किमान साठ टक्के रक्कम द्यावी लागते. कोविडनंतर घरून काम करण्याची सोय वाढली आहे. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी, जूनमध्येच, तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: वादळाच्या दिवशी निर्णय कोण कळवणार, किती वाजेपर्यंत कळवणार, आणि घरून काम चालेल का?

साडेतीन तासांच्या अंतरावरून

आपल्याला २६ जुलै २००५ आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाऊस पडत असताना मुंबई कामावर होती आणि त्या दुपारी व रात्री घरी निघालेली माणसे रस्त्यांत, गाड्यांत, कमरेएवढ्या पाण्यात अडकली. २९ ऑगस्ट २०१७ रोजी एक नामांकित पोटविकारतज्ज्ञ पाण्यातून घराकडे चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. दुसऱ्या दिवशी कामावर हजर होणाऱ्या मुंबईचे आपण कौतुक केले, आणि त्या माणसांची जिद्द खरीच होती. पण जिद्दीवर सोपवलेली सुरक्षितता शेवटी एकट्या माणसाच्या अंगावर पडते. निघायचे की थांबायचे हे जो तो आपापल्या भीतीनुसार ठरवतो, आणि ज्याची नोकरी कच्ची तो सर्वांत आधी निघतो.

ठरवून केलेल्या बंदाचे मोल इथे आहे. रेल्वे आदल्या दिवशी 'उद्या गाड्या बंद राहतील' असे सांगते, तेव्हा साहेब आणि शिपाई, जपानी आणि परदेशी, सगळ्यांचा निर्णय एकाच वेळी होतो. कोणाला धैर्य दाखवावे लागत नाही आणि घरी राहिल्याबद्दल कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

टोकियोतील कितीतरी मराठी अभियंत्यांचे वरिष्ठ पुण्यात किंवा मुंबईत बसलेले असतात. घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो. टोकियोत सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे पाच. त्या वरिष्ठांना एक विनंती. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तुमच्या माणसांच्या शहरातला हवामानाचा अंदाज रोज रात्री एकदा पाहा आणि वादळ येणार असेल तर 'उद्या जाऊ नका' हा निरोप तुम्हीच आधी पाठवा. इथे काळजीत असलेल्या आईवडिलांनाही एक सांगणे. वादळाच्या दिवशी मुलाने किंवा मुलीने फोनवर 'आज गाड्या बंद आहेत, घरीच आहे' असे सांगितले, तर त्या दिवशीची सर्वांत चांगली बातमी तुम्हाला मिळाली असे समजा.